नेटबॉलमध्ये प्रोफेशनल करिअर होतं का? आधी पोझिशन बघा, लीग नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी १६ वर्षांची, उंची ५ फूट ७ इंच, टीममध्ये सगळ्यात उंच म्हणून पहिल्यापासून गोल शूटर खेळतेय, नेम चांगला आहे, आणि आईला जाणून घ्यायचंय की नेटबॉल खेळून पोट भरतं का, कुठल्या स्पर्धा असतात, किती वर्षं चालतं आणि आत्ता काय करायला हवं. ताई, मी बरीच वर्षं नेटबॉलच्या कोचिंगमध्ये आहे, मुलींना ट्रायलसाठी तयार करणं हेच माझं मुख्य काम, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

पोट भरतं, पण फार थोड्या जणींचं. जगात पूर्ण अर्थाने प्रोफेशनल म्हणावी अशी लीग खरं तर एकच, ऑस्ट्रेलियातली सुपर नेटबॉल, २०१७ ला सुरू झाली. ८ टीम, प्रत्येक टीममध्ये १० करारबद्ध खेळाडू, म्हणजे ८० जागा झाल्या. ट्रेनिंग पार्टनर म्हणून आणखी काही मुली असतात पण त्यांना पूर्ण करार नसतो. त्याखालोखाल न्यूझीलंडची एएनझेड प्रीमियरशिप, ६ टीम, आणि इंग्लंड-वेल्सची नेटबॉल सुपर लीग, २०२५ पासून ८ टीम. आधी २००८ ते २०१६ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची मिळून एकच लीग होती, ती मोडून दोन झाल्या. दक्षिण आफ्रिकेत देशांतर्गत लीग आहे पण तिथल्या चांगल्या खेळाडू पैशासाठी बाहेरच जातात. एवढाच बाजार आहे. आणि या तिन्ही मोठ्या लीग वर्षाच्या साधारण एकाच काळात चालतात त्यामुळे एक सीझन इथे एक तिथे असं करून दुप्पट कमवायची सोयही नाही.

आता लोक काय करतात, एकूण जागा मोजतात आणि म्हणतात बघू, प्रयत्न करू. पण जागा एकूण मोजायच्याच नसतात, बिबप्रमाणे, म्हणजे खेळाडूच्या अंगावर पोझिशनची अक्षरं असतात त्याप्रमाणे, मोजायच्या असतात. कोर्टवर ७ जणी, प्रत्येकीचं काम आणि फिरायची हद्द ठरलेली. गोल शूटरला कोर्टच्या तीन भागांपैकी फक्त समोरच्या भागात फिरता येतं, सेंटर दोन्ही सर्कल (रिंगसमोरची अर्धगोल जागा, गोल तिथूनच टाकायचा) सोडून सगळीकडे जाते, विंग अटॅक सर्कलच्या कडेपर्यंत येऊन आत बॉल देते पण स्वतः आत पाऊल ठेवू शकत नाही. म्हणजे टीमला "चांगली खेळाडू" नको असते, टीमला एक गोल कीपर हवी असते किंवा दुसरी विंग अटॅक हवी असते. १० जणींच्या टीममध्ये स्पेशालिस्ट गोल शूटर किती असणार, एक, फार तर दोन. त्या एका जागेसाठी तुमची मुलगी कोणाशी स्पर्धा करणार ते बघा.

जमैकाची जानील फाउलर, वेस्ट कोस्ट फीव्हरची शूटर, उंची १.९८ मीटर, म्हणजे साडेसहा फूट. जमैकाचीच रोमेल्डा एकेन-जॉर्ज १.९६. न्यूझीलंडची ग्रेस न्वेके १.९३. श्रीलंकेची तर्जिनी शिवलिंगम तर २.०८ मीटर, ती जाफन्याची, ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक लीगमध्येही खेळून आली. रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते, मागे बोर्ड नसतो, आणि डिफेंडरला बॉल असलेल्या खेळाडूपासून ०.९ मीटर लांब राहावं लागतं, त्यामुळे साडेसहा फुटी बाई सर्कलमध्ये जागा धरून उभी राहिली आणि बॉल तिच्या डोक्यावरून वर टाकला की तो काढायला कोणी पोचतच नाही. सुपर नेटबॉलमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा नाही, म्हणून क्लब जगभरातून अशा शूटर आणतात, जमैका, इंग्लंड, मलावी, युगांडा, आणि यावर ऑस्ट्रेलियात कायम वाद होतो की आमच्याच मुलींना सर्कलमध्ये खेळायला मिळत नाही. तो वाद बरोबरच आहे असं मला वाटतं, पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की ५ फूट ७ इंचाच्या मुलीने फक्त गोल शूटर म्हणून प्रोफेशनल व्हायचं ठरवणं म्हणजे सगळ्यात बंद दारावर उभं राहणं.

आत्ताच्या टीममध्ये ती सगळ्यात उंच आहे म्हणून कोचने तिला तिथे ठेवलंय, आणि त्या कोचचं चुकत नाही, त्याला शनिवारची मॅच जिंकायचीय. पण तिचं पुढचं बघायचं असेल तर १६ व्या वर्षीच तिला बाहेर काढायला हवं. माझं मत विचाराल तर विंग अटॅक पहिली पोझिशन आणि गोल अटॅक, म्हणजे शूटरच्या जोडीने गोल टाकणारी, दुसरी. मिडकोर्टच्या, म्हणजे सेंटर आणि विंगच्या, खेळाडू पावणेसहा फुटांच्या आतबाहेरच असतात, तिथे उंची हा अडसर नाही, तिथे पाय, फुफ्फुसं आणि डोळे लागतात. लॉरा लँगमन न्यूझीलंडकडून दीडशेहून जास्त मॅच खेळली, मिडकोर्टमध्ये, पावणेसहा फुटांच्या आसपासच्या उंचीवर. ऑस्ट्रेलियाची लिझ वॉटसन बघा, विंग अटॅक आणि सेंटर, २०२३ चा वर्ल्ड कप कॅप्टन म्हणून जिंकली. या दोघींच्या जुन्या मॅच मुलीला दाखवा आणि बॉलकडे बघू नको, फक्त तिच्याकडे बघ असं सांगा.

गोल अटॅक दुसरी का, तर तिचा नेम वाया घालवायचा नाहीये. २०२० पासून सुपर नेटबॉलमध्ये सुपर शॉट आहे, प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या ५ मिनिटांत सर्कलच्या बाहेरच्या पट्ट्यातून, म्हणजे रिंगपासून ३ ते ४.९ मीटरमधून टाकलेल्या गोलला दोन पॉइंट. इंग्लंडच्या लीगनेही २०२५ ला तो घेतला. जेव्हा आला तेव्हा जुन्या लोकांनी खूप आरडाओरडा केला, अजूनही इंटरनॅशनल मॅचमध्ये तो नियम नाही. पण लांबून मारणाऱ्या, पळत्या, मध्यम उंचीच्या गोल अटॅकला त्यामुळे भाव आला हे नक्की. आणि सुपर नेटबॉलमध्ये २०२० लाच रोलिंग सबस्टिट्यूशन, म्हणजे खेळ न थांबवता खेळाडू बदलणं, आलं, त्यामुळे शेवटच्या ५ मिनिटांसाठीच एखादीला आत घालता येतं. जी मुलगी विंग अटॅकही खेळते आणि गरज पडली तर आत जाऊन लांबून दोन पॉइंट काढते ती १० जणींच्या यादीत दोन बिब भरून काढते. यादी बनवणारा माणूस हेच शोधत असतो.

पैशाचं बोलू. २०१७ ला सुपर नेटबॉल सुरू झाली तेव्हा किमान पगार होता वर्षाला २७,३७५ ऑस्ट्रेलियन डॉलर आणि सरासरी साधारण ६७,५००, त्याआधीच्या लीगपेक्षा ही मोठी उडी होती. नंतर आकडे वाढले, पण वरच्या काही जणी सोडल्या तर बाकीच्या शिकतात किंवा नोकरी करतात, शिक्षिका, नर्स, फिजिओ, असं बरंच. न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये तर ते जास्तच. याला कमीपणा समजू नका, उलट मी मुलींना सांगते की डिग्री ट्रेनिंगच्या जोडीनेच पूर्ण करायची, नंतर नाही. युगांडाची पीस प्रॉस्कोव्हिया इंग्लंडला लफबरोत खेळायला आली आणि तिथेच पुढचं शिक्षणही करत राहिली, हा रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो कारण लफबरोची टीम युनिव्हर्सिटीशीच जोडलेली आहे.

एवढं जोर देऊन का सांगतेय, कारण नोकरीची शाश्वती इथे फारच पातळ आहे, आणि खेळाडू वाईट खेळली म्हणूनच करार जातो असं नाही. २०२३ मध्ये कॉलिंगवूडने आपली नेटबॉल टीमच बंद केली, सीझनच्या मधेच घोषणा, आणि त्या खेळाडूंना नवं घर शोधावं लागलं. पुढच्या वर्षी त्या जागी मेलबर्न मॅव्हरिक्स आली हे खरं पण सगळ्यांना तिथे जागा मिळते असं थोडंच आहे. इंग्लंडमध्ये २०२५ ला लीगची फेररचना झाली, १० च्या ८ टीम, त्यात टीम बाथसारखी ५ वेळा चॅम्पियन झालेली टीम बाहेर पडली. आणि २०२३ मध्येच ऑस्ट्रेलियात खेळाडूंचा सामूहिक करार ३० सप्टेंबरला संपला, नवा होईना, मुली वर्ल्ड कप जिंकून आल्या होत्या आणि काही आठवडे बिनकराराच्या, बिनपगाराच्या राहिल्या. डिसेंबरमध्ये तोडगा निघाला तेव्हा त्यांनी उत्पन्नातला वाटा मिळवला. मला त्या मुलींचा फार अभिमान वाटतो, कारण जेमतेम ८० जणींच्या युनियनने एकजूट ठेवणं सोपं नसतं, एक-दोघी फुटल्या असत्या तर संपलं असतं.

त्यांच्या करारातली एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती आईला कळेल. २०१६ ला जो करार झाला त्यात दुखापत किंवा गरोदरपण आलं तरी दोन वर्षांपर्यंत उत्पन्नाला संरक्षण होतं आणि एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर बाळाचा आणि सांभाळणाऱ्याचा प्रवासखर्चही दिला जात होता. बायकांच्या खेळात हे किती मोठं आहे ते ज्यांनी मुलं झाल्यावर खेळ सोडलेल्या खेळाडू बघितल्यात त्यांनाच समजेल. न्यूझीलंडची केसी कोपुआ मुलगी झाल्यावर परत आली आणि २०१९ चा वर्ल्ड कप जिंकूनच थांबली.

किती वर्षं चालतं, तर गुडघा साथ देईल तितकी. इंग्लंडची जेवा मेंटर २००१ मध्ये पहिली इंटरनॅशनल मॅच खेळली आणि २०२३ च्या वर्ल्ड कपनंतर इंटरनॅशनल सोडलं, मधे ६ कॉमनवेल्थ गेम्स. आयरीन व्हॅन डाइक आधी दक्षिण आफ्रिकेकडून ७२ मॅच खेळली, मग न्यूझीलंडला जाऊन १४५. पण या दोघींच्या एका नावामागे पंचविशीच्या आत एसीएल (गुडघ्यातला मुख्य लिगामेंट) तुटून संपलेल्या कितीतरी मुली असतात.

गुडघ्याचं नीट समजून घ्या. नेटबॉलमध्ये ड्रिबल नाही, बॉल हातात आला की ३ सेकंदांत द्यायचा आणि जे पाऊल आधी टेकलं ते उचललं तर परत टेकवायच्या आत बॉल सुटला पाहिजे. म्हणजे मुलगी जीव तोडून पळतेय, हवेत उडी मारून बॉल घेतेय आणि पुढच्याच क्षणी जागच्या जागी थांबतेय. बास्केटबॉलवाली दोन पावलं जाऊन वेग जिरवू शकते, हिला तो सगळा वेग एका गुडघ्यात घ्यावा लागतो. म्हणून बहुतेक एसीएल कोणाचा धक्का न लागताच तुटतात, उतरताना. मी सरावात बॉल मुद्दाम थोडा उंच आणि बाजूला टाकते, मुलगी तो घेते की नाही हे बघतच नाही, मी खाली बघते. उतरताना गुडघा आत वळला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याच्या दिशेने पडला, तर त्या दिवशी तिचं शूटिंग बंद आणि लँडिंग सुरू. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर मागे, जमेल तिथे दोन पायांवर, आणि उतरताना आवाज कमी. धप्प असा आवाज आला की समजायचं स्नायूंनी काम केलं नाही, सांध्याने केलं. ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघटनेचा यासाठी नी प्रोग्रॅम म्हणून वॉर्मअपचा पूर्ण कार्यक्रमच आहे, वयाप्रमाणे, तो बघा आणि रोज करून घ्या. एकदा एसीएल गेलं की ९ ते १२ महिने जातात, आणि १७-१८ व्या वर्षी नेमकं तेच वर्ष निवडीचं असतं.

आता इंटरनॅशनल स्पर्धा. सगळ्यात वर वर्ल्ड कप, १९६३ ला ईस्टबर्नला पहिला झाला, दर ४ वर्षांनी, १६ टीम. ऑस्ट्रेलिया १२ वेळा, न्यूझीलंड ५ वेळा, त्यात १९७९ चा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्रिनिदाद-टोबॅगो असा तिघांत वाटला गेला. २०१९ लिव्हरपूलला न्यूझीलंडने एका गोलने जिंकला, ५२-५१. २०२३ केपटाउनला ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ६१-४५ हरवलं, जमैका तिसरी. पुढचा २०२७ सिडनीला. दुसरी मोठी स्पर्धा कॉमनवेल्थ गेम्स, १९९८ पासून, आणि २०२६ च्या ग्लासगोच्या छोट्या केलेल्या १० खेळांच्या यादीतही नेटबॉल टिकलंय, हे महत्त्वाचं. कारण ऑलिंपिकमध्ये नेटबॉल नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९५ ला मान्यता दिली पण खेळ आजपर्यंत आत गेला नाही, आणि बऱ्याच देशांत सरकारी पैसा ऑलिंपिकच्या मागे जातो, म्हणून कॉमनवेल्थमधली जागा गेली असती तर फार मोठा फटका बसला असता.

पैसा आणि मेडल यांचा संबंध बघायचा असेल तर इंग्लंड बघा. २०१६ ला त्यांनी राष्ट्रीय टीमसाठी फुल टाइम प्रोग्रॅम सुरू केला, मुलींना नोकरीतून बाहेर काढून ट्रेनिंगला लावलं, आणि २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या घरात, हेलन हाउसबीने शेवटच्या सेकंदाला गोल टाकून ५२-५१ ने सोनं घेतलं. लोक तो एक शॉट बघतात, मला त्यामागची दोन वर्षांची पगारी ट्रेनिंग दिसते.

ज्युनियरमध्ये एकवीस वर्षांखालचा वर्ल्ड यूथ कप आहे. २०१७ ला बोत्सवानात झाला, २०२१ चा फिजीतला रद्द झाला, त्यानंतर एकदम २०२५ जिब्राल्टर. म्हणजे मधल्या सगळ्या मुलींना तो मिळालाच नाही, म्हणून एकाच स्पर्धेवर आशा लावून बसू नका. आशियात एशियन चॅम्पियनशिप असते, तिथे श्रीलंका, सिंगापूर, मलेशिया यांचं वर्चस्व. फास्ट५ नावाचा छोटा प्रकारही आहे, ५ जणींचा, ६ मिनिटांचे क्वार्टर, बघायला मजा येते पण त्यावर करिअर उभं राहत नाही.

एक अडचण पालकांना कधीच माहीत नसते. परदेशी लीगमध्ये जाणं आणि देशाकडून खेळणं हे कधीकधी एकमेकांच्या आड येतं. न्यूझीलंडचा नियम होता की राष्ट्रीय टीममध्ये यायचं तर स्वतःच्या लीगमध्ये खेळा. लँगमन २०१७ ला ऑस्ट्रेलियात सनशाइन कोस्ट लाइटनिंगकडे गेली आणि २०१८ च्या कॉमनवेल्थला मुकली, न्यूझीलंडला त्या वर्षी मेडलच मिळालं नाही, मग सूट देऊन तिला परत आणलं आणि २०१९ ला तीच वर्ल्ड कप उचलणारी कॅप्टन. इतकं होऊनही नियम राहिला आणि २०२५ ला न्वेके सिडनीच्या स्विफ्ट्सकडे गेली तेव्हा तेच घडलं, आधी बाहेर, मग त्याच वर्षी सूट. माझ्या मते असा नियम खेळाडूवर अन्याय करतो, कारण करिअर छोटं आहे आणि चांगला पगार एकाच देशात आहे. पण करार सही करायच्या आधी आपल्या संघटनेला लेखी विचारून घ्यायचं, तोंडी नाही.

राहिलं ते आत्ता काय करायचं. परदेशी क्लब किंवा युनिव्हर्सिटीला व्हिडिओ पाठवायची वेळ दोन-एक वर्षांत येईल. सगळे जण गाणं लावून गोलांचे तुकडे जोडलेला व्हिडिओ पाठवतात, कोच तो अर्धाही बघत नाही. एक पूर्ण क्वार्टर, १५ मिनिटं, न कापता, वरून आणि जरा मागून घेतलेला, आणि समोरची टीम तगडी असलेला, असा हवा. त्यात आम्ही काय बघतो तर बॉल तिच्या हातून गेल्यावर पुढची ३ सेकंदं ती काय करते. हात कमरेवर ठेवून उभी राहते की लगेच वळून समोरचीला अडवायला धावते. सेंटर पासला, म्हणजे मधून खेळ सुरू करणाऱ्या पासला, पहिली धाव कोणाची, ती खोटी होती की खरी, पहिली धाव फसली तर दुसरी लगेच येते का. सर्कलच्या कडेला बॉल घेऊन आली की आत बघते की आधी बाजूला. हे गोलच्या तुकड्यांत दिसतच नाही.

आणि मॅचचे आकडे लिहून ठेवा, घरचं कोणीही वहीत लिहू शकतं. किती सेंटर पास घेतले, त्यातून किती वेळा गोल झाला, सर्कलमध्ये शूटरला किती फीड (पास) दिले, किती बॉल घालवले (टर्नओव्हर), समोरच्यांचे किती पास पकडले (इंटरसेप्ट) आणि किती हात लावून वळवले (डिफ्लेक्शन). विंग अटॅकसाठी मी फीड आणि टर्नओव्हर हे दोन शेजारी ठेवून बघते, २५ फीड आणि ८ टर्नओव्हर यापेक्षा मला १८ फीड आणि २ टर्नओव्हरवाली मुलगी जास्त आवडते.

तर या सीझनला कोचशी बोलून दोन क्वार्टर शूटरला आणि दोन विंग अटॅकला अशी मागणी करा. तो नाही म्हणाला तर मोठ्या मॅचला त्याचं ऐका आणि सरावाच्या मॅचमध्ये तरी विंग अटॅक मागा. पहिले काही महिने तिला फार जड जाईल, दम लागेल, शूटिंग सोडून पळायला लावलं म्हणून रडेलही, त्यात तिला एकटं सोडू नका. शूटिंग बंद करायचं नाही, रोज रिंगपासून साडेतीन-चार मीटरवरून, पळून आल्यावर दमलेल्या पायांनी टाकायचं. तिच्या विंग अटॅकच्या दोन-चार मॅचचे आकडे आणि एखादा न कापलेला क्वार्टर झाला की कळवा, बघून सांगते.